टोकावरचा पैसा

स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार लोंबायला लागलं की घरातलं कोणीतरी खणातून स्क्रू ड्रायव्हर शोधून काढतं. बिजागरीच्या स्क्रूवर टोक टेकवायचं, जोर लावायचा, की टोक कट्टकन निसटतं. पुन्हा टेकवलं, पुन्हा निसटलं. चौथ्या-पाचव्या वेळी स्क्रूच्या डोक्यावरची फुली पार झिजून तिथे गोल खळगा उरतो. आता तो स्क्रू सरळपणे निघायचा नाही. सुताराला बोलवावं लागतं, प्लायला भोक पडतं, बिजागरी अर्धा इंच वर सरकवावी लागते. हे सगळं ज्या हत्यारामुळे झालं, ते बहुधा कुठल्याशा बत्तीस तुकड्यांच्या संचातून आलेलं असतं. तो संच पेटीत छान दिसत होता आणि स्वस्तही होता.

हत्यार स्वस्त घ्यावं की महाग, हा वाद अशाच प्रसंगांनंतर घरोघरी होतो. एक बाजू म्हणते, वर्षातून चार वेळा लागणाऱ्या वस्तूवर एवढे पैसे कशाला? दुसरी म्हणते, एकदाच घ्या पण चांगलं घ्या. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण दोघांचाही प्रश्न अख्ख्या हत्याराबद्दलचा आहे आणि तिथेच गोंधळ होतो. काम करतं ते हत्याराचं टोक: स्क्रूत बसणारी चार पाकळ्यांची फुली, भिंतीत शिरणारं बिट, लाकूड सोलणारी धार, तार पकडणारा जबडा. घरगुती कामासाठी हत्यार निवडताना पैसा आधी त्या टोकावर घालावा. मूठ, पेटी, रंग आणि वॉट यांचा विचार नंतर.

ड्रायव्हरच्या त्या टोकाची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. फुलीच्या स्क्रूचं पेटंट अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांना १९३६ साली मिळालं आणि त्याच सुमाराला जनरल मोटर्सने तो कॅडिलॅक गाड्यांच्या जुळणीत वापरायला घेतला. या फुलीच्या भिंती उतरत्या असतात. त्यामुळे टोक चटकन मध्यावर बसतं, पण जोराने पिळलं की त्याच उतारावरून वर सरकून बाहेरही येतं. हा दोष कमी करायला १९६० च्या दशकात पोझीड्राइव्ह नावाची सुधारित फुली आली. तिच्या भिंती जवळजवळ सरळ उभ्या असतात. ओळखायची खूण सोपी आहे: स्क्रूच्या डोक्यावर मुख्य फुलीच्या मधोमध तिरक्या चार बारीक रेघा कोरलेल्या दिसतात. मॉड्युलर किचनच्या युरोपीय धाटणीच्या बिजागऱ्यांवर बहुतेक वेळा हेच स्क्रू असतात, आणि घरातला ड्रायव्हर असतो फिलिप्सचा. दोन्ही फुल्या दिसायला सख्ख्या बहिणींसारख्या, पण टोक तळाशी नीट टेकत नाही आणि कडा खात सुटतं. जपानी मोटरसायकली आणि जुन्या कॅमेऱ्यांवर तिसऱ्याच, जपानी मानकाच्या फुल्या असतात. फिलिप्सचं टोक तिथेही पूर्ण तळापर्यंत बसत नाही.

म्हणजे बत्तीस तुकड्यांपैकी घराला लागणारे तुकडे मोजकेच. दोन नंबरचा फिलिप्स, दोन नंबरचा पोझीड्राइव्ह, एक नंबरचा लहान फिलिप्स आणि एक चपटा. एवढे चार सुटे, चांगल्या कंपनीचे घेतले तरी अनेकदा त्या पेटीच्या किमतीतच बसतात. पोझीड्राइव्ह मागितला की हार्डवेअरचा दुकानदार कधी कधी फिलिप्सच पुढे करतो. अशा वेळी घरची बिजागरी, निदान तिचा एखादा स्क्रू, खिशात घालून न्यावा आणि टोक बसवून बघावं. नीट बसलेलं टोक आडवं धरलं तरी स्क्रू त्यावर क्षणभर तोलून राहतो.

आता धातूकडे. स्वस्त हत्यारांच्या दांडीवर ठळक अक्षरांत 'क्रोम व्हॅनेडियम' कोरलेलं असतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं, पोलाद उत्तम आहे. ही अक्षरं खरी धरली तरी ती फक्त पोलादात काय मिसळलंय एवढंच सांगतात. त्याला पाणी कसं दिलंय, हे सांगत नाहीत. गावचा लोहार कोयता तापवून पाण्यात बुडवतो, त्यालाच तो 'पाणी देणं' म्हणतो, आणि हत्याराचा सगळा जीव त्या एका क्रियेत असतो. लालबुंद पोलाद झटकन थंड केलं की ते काचेसारखं कडक आणि तितकंच ठिसूळ होतं. मग ते पुन्हा बेताने तापवून थोडं नरमवावं लागतं. घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर तेव्हा रंग चढत जातात: सुमारे २२० ते २३० अंश सेल्सियसला फिकट गवती पिवळा, पुढे तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. पटाशीचं पोलाद गवती रंगावर थांबवतात. निळ्यापर्यंत गेलं तर धार टिकणार नाही. कारखान्यात हेच काम भट्टीतल्या तापमानावर काटेकोर नजर ठेवून होतं. किंमत उतरवायची तर सगळ्यात आधी कात्री इथेच लागते, कारण हे डोळ्यांना दिसत नाही.

दिसत नसलं तरी तपासता येतं. कानस हे घरात असणारं बहुधा सगळ्यात कडक पोलाद. तिची कड पटाशीच्या धारेजवळ, बाजूच्या भागावर हलकेच ओढायची. कानस घसरली, काचेवर ओढल्यासारखा आवाज आला, तर पाणी चांगलं आहे. कानस चावली, चमकदार खाच पडली, तर धार दुसऱ्याच लाकडात बसणार. दुकानात ही परीक्षा करू द्यायला कोणी तयार होणार नाही, म्हणून आधी एकच पटाशी घेऊन घरी बघावी आणि मग बाकीच्या मापांच्या आणाव्यात.

पटाशीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पैशाने विकत घेता येते किंवा मेहनतीने कमावता येते. धार म्हणजे दोन सपाट पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेघ. उताराची बाजू सगळेच घासतात, पण पटाशीची पाठ सपाट नसेल तर ती रेघ कधीच नीट जुळत नाही. महाग पटाशीची पाठ कारखान्यातच सपाट करून येते. स्वस्त पटाशीवर यंत्राच्या खुणा तशाच असतात. जाड काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवून, आधी १२०, मग २४०, ४०० आणि ८०० नंबर, असं तासभर पाठ घासत बसलं तर पोलाद बरं असलेली स्वस्त पटाशीही महागड्या पटाशीच्या तोडीचं काम करते. मागचा भाग सोडून द्यावा. धारेलगतची इंच-दीड इंच पाठ आरशासारखी झाली की पुरे. पोलादच मऊ असेल तर मात्र कितीही घासून उपयोग नाही. आणि मोटरच्या सहाणेवर धार लावताना कड निळी पडली, तर चांगल्या पोलादाचंही पाणी तिथे उतरलं असं समजावं.

अशा वेळी लक्षात येतं, की 'स्वस्त' आणि 'महाग' यांच्या मध्ये आपल्याकडे एक फार चांगला थर आहे आणि घरगुती कामाची पहिली खरेदी तिथेच व्हायला हवी. नाशिकमधली टपारिया ही कंपनी १९६९ साली एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हातहत्यारं बनवू लागली आणि आज तिची पक्कड गावोगावच्या वायरमनच्या पिशवीत दिसते. कानशी तर आपल्या कोकणातच घडतात. जे. के. फाइल्सचे कारखाने रत्नागिरी आणि चिपळूणला आहेत आणि जगातल्या मोठ्या कानस उत्पादकांत या कंपनीची गणना होते. पंजाबात जालंधर आणि लुधियाना ही पान्ह्यांची मोठी केंद्रं आहेत. या मधल्या थरातली पक्कड जर्मन पक्कडीइतकी रेशमी चालणार नाही, पण तिचा जबडा कडक असतो, धारा एकमेकींशी जुळतात आणि रिव्हेट सैल पडत नाही. दुकानात साध्या कागदाची कड पक्कडीच्या कातरीत धरून कापून बघावी. कागद स्वच्छ तुटला तर धारा जुळल्या. दुमडला तर ती पक्कड परत द्यावी. जर्मनीत वुपरटालला १८८२ पासून पक्कडी बनवणाऱ्या क्निपेक्सची पक्कड रोज आठ तास वापरणाऱ्याच्या मनगटाला जो आराम देते, त्यासाठी तिची किंमत वाजवी आहे. महिन्यातून एकदा नळ घट्ट करणाऱ्याला तो आराम जाणवायला वेळच मिळत नाही.

ड्रिल मशीनला टोकाचा हा हिशेब सगळ्यात जास्त लागू पडतो, आणि लोक नेमके तिथेच तो विसरतात. मशीनवर तीन हजार खर्च करायचे आणि सोबत फुकट आलेल्या बिटांनी भिंत पोखरायची, हे नेहमीचं दृश्य. भिंतीच्या बिटाच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा छोटा तुकडा ब्रेझिंगने जोडलेला असतो. भिंत कापतो तो हा तुकडा. बाकीची दांडी केवळ त्याला फिरवायला आणि चुरा बाहेर काढायला. हलक्या बिटात हा तुकडा लहान असतो किंवा जोड कच्चा असतो. बिट तापलं की जोड सुटतो आणि तुकडा भिंतीतच राहतो. धातूच्या बिटांची फसवणूक वेगळी. सोनेरी रंग म्हणजे टायटॅनियम नायट्राइडचा थर असायला हवा, पण स्वस्त संचात तो बऱ्याचदा शोभेपुरता रंग असतो आणि आत साधं कार्बन पोलाद. असं पोलाद दोन-अडीचशे अंशांना नरम पडतं. खरं हायस्पीड स्टील ६०० अंशांच्या आसपासही आपला कडकपणा धरून ठेवतं. लोखंडी पट्टीला भोक पाडताना टोकाशी निळा धूर आणि किंचाळणारा आवाज आला, तर ओळखावं की बिट कापत नाही, नुसतं घासतंय.

मग मशीन कोणतं? विटांची भिंत असेल तर साधं इम्पॅक्ट ड्रिल पुरतं. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून खडखडत जातात आणि बिटाला मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस हजार बारीक ठोके देतात. पण मुंबई-पुण्याच्या नव्या इमारतीत पडद्याचा रॉड नेमका आरसीसी बीममध्ये बसवायचा असतो आणि तिथे ही खडखड निरुपयोगी ठरते. माणूस सगळं अंग मशीनवर टाकतो, बिट लाल होतं, भोक जेमतेम अर्धा सेंटीमीटर. काँक्रीटला हवा मोजका पण जड घाव. रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबाने पुढे-मागे होणारा दट्ट्या असतो. तो मिनिटाला चार-साडेचार हजारच घाव घालतो, पण एकेका घावात दोन ते तीन ज्यूल ऊर्जा असते. हात नुसता आधाराला ठेवायचा, मशीन आपोआप आत जातं. त्याची खास खाचांची दांडी, एसडीएस, बॉश कंपनीने १९७५ च्या सुमारास आणली. ती घावाबरोबर चकमध्ये मागे-पुढे सरकते. म्हणून महाग इम्पॅक्ट ड्रिल घेण्यापेक्षा मध्यम किमतीचं रोटरी हॅमर घेतलेलं केव्हाही बरं. घरात आरसीसीची पाच-सहाच भोकं पाडायची असतील, तर ते दिवसभराच्या भाड्याने आणणं सगळ्यात शहाणपणाचं.

वायरवाल्या मशीनच्या आत जे झिजतं, ते म्हणजे कार्बन ब्रश. ही दोन छोटी काळी चौकोनी कांडी फिरणाऱ्या आर्मेचरला वीज पोचवतात आणि झिजणं हेच त्यांचं काम. झिजली की मशीन ठिणग्या टाकतं, अडखळतं आणि घरचे म्हणतात, 'जळलं वाटतं.' खरं तर थोडक्या रुपयांत ते पुन्हा सुरू होतं, पण ब्रश मिळायला हवेत. मुंबईत लोहार चाळ किंवा नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी अशा बाजारांत ओळखीच्या मशीनचे ब्रश, स्विच, आर्मेचर सहज हाती लागतात. अनोळखी नावाच्या मशीनचं काहीच मिळत नाही. विकत घेण्याआधी त्या मॉडेलचे ब्रश मागून बघावेत. दुकानदाराने लगेच डबीतून काढून दिले, तर मशीन घ्यायला हरकत नाही.

बॅटरीच्या मशीनवरचे आकडे वाचायला एक छोटं गणित पुरतं. आत लिथियमच्या बोटाएवढ्या बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात. एकेकीचं सरासरी दाब-मूल्य ३.६ व्होल्ट आणि नुकती चार्ज केलेली असताना ४.२. पाच जोडल्या की सरासरी १८ आणि भरलेल्या असताना २१. म्हणजे एका खोक्यावर १८ व्होल्ट लिहिलेलं आणि दुसऱ्यावर २१ लिहिलेलं, दोन्हींच्या आत तेवढ्याच पाच बॅटऱ्या असू शकतात. ४८ किंवा ८८ असे आकडे छापलेल्या हलक्या खोक्यातही बहुतेकदा त्याच पाच निघतात. तसेच १२ व्होल्टच्या मशीनमध्ये तीन. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसत नाही. पहिलं मशीन घेतलं की पुढची सगळी मशीन त्याच घरची घ्यावी लागतात, सोयरीक जुळल्यासारखी. आणि वर्षभर कपाटात पडून राहिलेली बॅटरी न वापरताही म्हातारी होते. विदर्भातल्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या खोलीत तर लवकरच. चार महिन्यांनी एकदा ड्रिल हातात घेणाऱ्याला वायरचं मशीनच जास्त विश्वासाचं.

मोजमापाच्या हत्यारांत टोक म्हणजे मापाचा आरंभबिंदू. टेपच्या टोकाची लोखंडी कडी हलते, म्हणून अनेक जण टेप खराब आहे समजून ती ठोकून घट्ट करतात. असं मुळीच करू नये. कडी तिच्या स्वतःच्या जाडीइतकी मागे-पुढे सरकावी म्हणूनच सैल ठेवलेली असते. फळीच्या कडेला अडकवून ओढलं की ती पुढे येते, भिंतीला टेकवून दाबलं की मागे जाते, आणि दोन्ही वेळा माप खरं राहतं. टेपवर रोमन आकड्यात छापलेला वर्गही पाहावा. युरोपीय मानकानुसार दुसऱ्या वर्गाच्या टेपला पाच मीटरमागे १.३ मिलिमीटर फरक चालतो, पहिल्या वर्गाच्या टेपला ०.६. कपाट बनवणाऱ्याला दुसरा वर्ग पुरे, फक्त सगळी मापं त्याच एका टेपने घ्यावीत. गुण्या मात्र दुकानात तपासूनच घ्यावा. सरळ कडेच्या फळीला लावून पेन्सिलीने रेघ ओढायची, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा ओढायची. दोन रेघांमध्ये पाचर दिसली तर तो काटकोन नाही, मग त्यावर कोणतंही नाव कोरलेलं असो. डिजिटल कॅलिपरचं हौशी माणसाला विशेष आकर्षण असतं. स्वस्त कॅलिपरही मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतो, पण दाखवणं वेगळं आणि तितकं अचूक असणं वेगळं. लाकूडकामाला तो उत्तम चालतो. त्रास एकच: बंद केला तरी तो बॅटरी खात राहतो. पेटीत ठेवताना सेल काढून ठेवायचा, बस.

आता अशी दोन हत्यारं, जिथे पैसा वाचवायचा विचारसुद्धा मनात आणू नये.

पहिलं, विजेच्या कामाची पक्कड. लाल-पिवळ्या प्लास्टिकची मूठ म्हणजे विजेपासून संरक्षण, हा समज अतिशय घातक आहे. साध्या पक्कडीची मूठ हाताला मऊ लागावी एवढ्यासाठी असते. खरोखर विद्युतरोधक हत्यारावर एकात एक असे दोन त्रिकोण आणि '१००० व्होल्ट' अशी खूण असते, आणि ज्या आंतरराष्ट्रीय मानकाखाली ती खूण मिळते, त्यात प्रत्येक नग १०,००० व्होल्टवर तपासला जातो. त्या मुठीला चीर गेली तर पक्कड विजेच्या कामातून काढून टाकायची. आणि ती हातात असली तरी मेन स्विच बंद करूनच बोर्ड उघडायचा.

दुसरं, अँगल ग्राइंडर. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे अकरा हजार वेळा फिरते. तिची कड तेव्हा ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. चांगल्या चकतीवर कमाल फेरे छापलेले असतात, शंभर मिलिमीटरच्या चकतीला ते साधारण १५,३०० असतात, आणि मधल्या धातूच्या कड्यावर मुदत संपण्याचा महिना व वर्ष ठोकलेलं असतं. चकतीतला राळेचा बांध ओल आणि काळाने कमकुवत होतो, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात उघड्यावर राहिलेली जुनी चकती फेकून द्यावी. मोठी चकती बसावी म्हणून ग्राइंडरचा पत्र्याचा गार्ड काढून टाकणं आणि त्यावर लाकूड कापायचं दातेरी पातं चढवणं, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे साइटवर सर्रास दिसतात. दातेरी पातं लाकडात अडकलं की मशीन हातातून उसळतं आणि ते सावरायला माणसाला वेळच मिळत नाही. ग्राइंडर घेताना स्विच बघावा. बोट सोडताच बंद होणारा असेल तर थोडे जास्त पैसे द्यावेत. चष्माही त्याच पिशवीत घ्यावा, 'ईएन १६६' छापलेला, बाजूंनी झाकणारा. डोळ्यांसमोरचा चष्मा ग्राइंडरपेक्षा कितीतरी स्वस्त असतो.

काही हत्यारं नवीन घ्यायचीच गरज नसते. शेगडा (बेंच व्हाइस), हातोडी, ऐरण, रंधा यांना टोक असलं तरी ते हळू झिजतं किंवा बदलता येतं. लोखंडी रंध्याची आजची रचना अमेरिकेतल्या लिओनार्ड बेली या कारागिराची. स्टॅनले कंपनीने त्याचा व्यवसाय १८६९ मध्ये विकत घेतला, आणि फिरकीने पातं वर-खाली करायची ती युक्ती आजही जशीच्या तशी चालते. म्हणून शंभर वर्षांचा रंधाही नवं पातं घालून कामाला लागतो. पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथल्या फरशीवर, घड्याळांच्या आणि नळाच्या तोट्यांच्या गर्दीत, एखादा जड ओतीव शेगडा पडलेला असतो. गंजाने घाबरून जाऊ नये, तो रॉकेल आणि तारेच्या ब्रशने जातो. स्क्रू पूर्ण उघडून त्याचे आटे बोटाने चाचपावेत: मधल्या भागात, जिथे रोज वापर होतो, तिथे ते धारदार झाले असतील तर ते झिजलेत. मग जबडे बंद करून पलीकडे आभाळाचा उजेड धरावा. रेघ सगळीकडे सारखी बारीक दिसली की भावाची बोलणी सुरू करायला हरकत नाही, आणि शेगडा घरी न्यायला रिक्षाचे पैसे वेगळे ठेवावेत, कारण पंधरा किलोचं ओतीव लोखंड पिशवीत मावत नाही.